रुबिएल दारात थांबणार होता

देल्फिना सेलीचे दोन्ही अंगठे तिच्या आधी जागे व्हायचे. बाहेर मिट्ट काळोख, धुकं दाराला नाक लावून बसलेलं, आणि अंथरुणात हिचे अंगठे ठणकायला लागलेले. मग ती उठायची. उठायची म्हणजे आधी नुसती बसायची, भिंतीला पाठ लावून, काही न करता. मग "चल गं बाई" असं स्वतःलाच म्हणून लोकरीचा रुआना डोक्यातून अंगावर सोडायची, वर फेल्टची टोपी चढवायची आणि चरवी घेऊन उतारावरच्या कुरणात जायची. पाच गाई होत्या. डोंगरावरच्या पिएद्रा गोर्दा गावाच्या गारठ्यात आचळाला हात लावला की आधी गाय दचकते, मग बाई.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिच्या हातात चरवी दिली होती, ती खाली ठेवायची वेळ पुन्हा आली नाही. बाळंतपणात शेजारच्या ओतिलियानं आठवडाभर धार काढली, तेवढीच काय ती सुट्टी. नवरा अब्दोन एका दुपारी बटाट्याच्या सरीत छातीवर हात ठेवून खाली बसला तो उठलाच नाही. त्याला पुरून माणसं घरी परतली तर कुरणात गाई हंबरत होत्या. काळे कपडे न बदलता देल्फिना धार काढायला बसली. घरात कोण मेलं हे गाईला कळत नाही, कास भरली एवढंच कळतं.

पोरगा एकच, रुबिएल. बापाच्या लोखंडी सायकलीवर मागं चीजची टोपली बांधून तो खालच्या बाजाराला उतरायचा आणि रिकामी टोपली घेऊन घाट चढून यायचा. आमच्या डोंगरात निम्म्या पोरांचं असंच असतं. कुणी चीज वाहतं, कुणी पाव वाहतं, कुणी शाळेला जातं, आणि मग एके दिवशी चढावर एखाद्या भरल्या ट्रकला मागं टाकतं आणि स्वतःशीच हसतं. रुबिएलनं ट्रकला मागं टाकलं, मग गावच्या पोरांना टाकलं, मग तालुक्याच्या. त्याच्यापुढं मात्र त्याच्यासारखीच ट्रकला मागं टाकणारी पोरं रांगेनं उभी होती. तिथं त्याचं घोडं अडलं.

तरी त्याला सायकलशर्यतीच्या एका संघानं घेतलं. पाणक्या म्हणून घेतलं. संघाचा एक म्होरक्या असतो, जिंकायचं त्यानं. बाकीच्यांनी त्याच्यापुढं राहून वारा खायचा, मागच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या अंगरख्यात कोंबून आणायच्या, त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं आणि चढाला लागलं की गुमान मागं राहायचं. रुबिएलनं हे तिशी उलटेपर्यंत केलं. लग्न केलं नाही. गुडघे कुरकुरायला लागले. रेडिओवर त्याचं नाव येत नसे. आलं तर शेवटी, घाईघाईनं, पोचलेल्यांची यादी संपवताना.

आई मात्र ती यादी शेवटपर्यंत ऐकायची. ओतिलियाच्या दुकानात, बटाट्याच्या पोत्यावर बसून.

ओतिलिया ही तिची कोमाद्रे. रुबिएलच्या बारशाला चर्चमध्ये त्याला हातावर धरलं ते ओतिलियानं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणायच्या, भांडतानासुद्धा. तिचं दुकान सडकेच्या पलीकडं, देल्फिनाच्या दारासमोर. गावातला एकुलता एक फोन तिच्या काउंटरवर. त्यामुळं पिएद्रा गोर्दात कुणाचं काही झाकलेलं राहायचं नाही.

देल्फिनाला एकच गोष्ट हवी होती. रुबिएलनं सायकल टांगून घरी यावं आणि गाई सांभाळाव्यात. गाई विकायचं तिच्या मनात अनेकदा आलं होतं, पण विकल्या तर पोरगा येणार कशाला आणि आल्यावर करणार काय? म्हणून गाई त्याच्यासाठी राखल्या होत्या, आणि राखता राखता स्वतः झिजली होती. हे ती त्याला उघड कधी म्हणाली नाही. आमच्याकडं असं उघड मागत नाहीत. गाईला वासरू झालं, कुंपणाचा खांब पडला, हात दुखतात, एवढंच सांगायचं. समोरच्यानं समजायचं. रुबिएल समजायचा आणि म्हणायचा, पुढल्या वर्षी बघू.

त्या वर्षी वुएल्ता, म्हणजे गावोगावहून कैक दिवस चालणारी सायकलशर्यत, जवळ आली तशी गावाची झोप उडाली. देशाची मोठी वुएल्ता वेगळी, तिच्यात परदेशी येतात, टीव्हीवाले येतात. ही आमच्या प्रांताची. हिच्यात पळणारी बहुतेक पोरं आमच्याच डोंगरातली, एकमेकांच्या आयांना ओळखणारी. दर वर्षी मार्ग बदलतो. पिएद्रा गोर्दाच्या वाट्याला ती कैक वर्षांत आली नव्हती. औंदा येणार होती, आणि घाटमाथ्याची रेघ, जी आधी ओलांडणाऱ्याला वेगळे गुण मिळतात, गावाच्या अगदी वरच्या अंगाला, दगडी क्रुसापाशी पडणार होती.

बातमी आणली दॉन मिसाएलनं. दॉन मिसाएल म्हणजे गावच्या पंचमंडळाचा अध्यक्ष. पोटाचा घेर चांगला, आवाज त्याहून मोठा, आणि सायकलीच्या शर्यतीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही यावर पक्का विश्वास. पुढच्याच रविवारी रुबिएलचा फोन आला. ओतिलियानं दारात येऊन हाक मारली तशी देल्फिना हात पुसत सडक ओलांडून गेली.

"आई, ऐक. जथ्याकडं म्या वाट मागनार हाय," रुबिएल म्हणाला. "दारात थांबतो. उतरून भेटतो तुला."

"आन मंग?"

"मंग काय ते तितंच सांगतो. फोनवर न्हाई. ओतिलियामावशीचा कान लांब हाय."

ओतिलिया काउंटरच्या पलीकडं बटाटे जोखत होती. तिनं ताजव्यात आणखी एक बटाटा टाकला आणि आपल्याला ऐकूच आलं नाही असं तोंड केलं.

देल्फिना घरी आली आणि चुलीपुढं बसली. एवढ्या वर्षांत 'काय ते सांगतो' असं तो पहिल्यांदा आपणहून म्हणाला होता. म्हणजे त्याच्या मनात काहीतरी ठरलं होतं. येतो म्हणेल, नाहीतर कधीच येत नाही म्हणेल. 'पुढल्या वर्षी बघू' आता म्हणणार नाही. तिला आनंद झाला असं नाही. पण धार काढायला जाताना त्या आठवड्यात ती भिंतीला पाठ लावून जरा कमी बसली.

वाट मागणं म्हणजे काय ते गावाला दॉन मिसाएलनं दुकानात बिअरची बाटली हातात धरून समजावलं. एखाद्या पोराच्या गावातून शर्यत जाते तेव्हा तो आदल्या दिवशी जथ्यातल्या, म्हणजे घोळक्यानं पळणाऱ्या सायकलवाल्यांतल्या, बड्यांकडं जातो आणि म्हणतो, उद्या माझं घर येतंय. बड्यांनी मान डोलावली की गावाच्या अलीकडं जथा पाय सैल सोडतो. तो एकटा पुढं येतो, आईला भेटतो, एक पेला पितो, बायको असली तर मुका घेतो, आणि जथा आला की निमूट त्यात मिसळतो. त्या वेळात कुणी त्याला गाठायला जोर मारत नाही आणि त्यानंही पळून जायचं नाही. कागद नाही, सही नाही. नुसता शब्द.

"आन गेला पळून तर?" ओतिलियानं विचारलं.

"कोन जातंय? ज्यो गेला त्याला पुना कुनी पानी देत न्हाई. चाक फुटलं तर थांबत न्हाई. मेल्यातच जमा त्यो," दॉन मिसाएल म्हणाला आणि सगळ्यांकडं वळून बजावलं, "म्हनून सांगतो, पोरगं येकटं येताना दिसलं की येड्यावानी वरडू नका. त्यो शर्यत मारत नसतुया. त्यो आईला भेटाया येतुया."

सगळ्यांनी माना हलवल्या.

देल्फिनानं मात्र त्याला एका बाजूला घेऊन विचारलं, की किती वेळ थांबेल? दॉन मिसाएलनं विचार केला. म्हणाला, एक पेला प्यायला लागतो तेवढा. गरम असला तर जरा जास्त.

मग गावाची तयारी सुरू झाली. पिएद्रा गोर्दाला तयारीची सवय नव्हती, त्यामुळं सगळेच हुकूम द्यायला लागले. सडकेवर पांढऱ्या रंगानं काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी भांडण झालं. एकाचं म्हणणं, नुसतं रुबिएल लिहा. दुसरा म्हणाला, रुबिएल तर जिकडंतिकडं असतात, आडनाव पाहिजे. ओतिलिया म्हणाली की दुकानाचंही नाव लिहा, रंग मी देतेय. शेवटी नाव एवढं मोठं लिहिलं की 'सेली' मावेपर्यंत वळण आलं आणि शेवटची अक्षरं गटारीकडं कलली.

देल्फिनाच्या घराची पुढची भिंत गावानं चुन्यानं रंगवली. तिला न विचारता. वर चार बाया येऊन तिची खुर्ची उचलून सडकेच्या कडेला ठेवून गेल्या, आई इथं बसेल म्हणून. देल्फिनाला त्या खुर्चीवर बसायचा वेळच मिळेना. गाई होत्याच. रोज कुणीतरी येऊन विचारायचं, आनंद झाला असेल नाही? ती म्हणायची, झाला की. आणि दुधाचा कॅन ओढत सडकेला न्यायची.

एका दुपारी ओतिलिया चीज न्यायला आली तेव्हा चुलीपाशी टेकली. म्हणाली, कोमाद्रे, खरं सांग, काय विचारणार तू त्याला?

देल्फिनानं सांगितलं. घरी येतोस का, एवढंच. ती ते गेले काही दिवस घोकत होती. लाल गाईच्या कानापाशी म्हणून बघितलं होतं. आधी तिच्या मनात लांबलचक होतं, बाप गेल्यापासूनचं, हातांचं, कुंपणाचं. मग पेल्याचा हिशेब कळला तसं एक एक गाळत गेली.

"त्या सायकलवाल्याला धार काढता येती का पर?" ओतिलिया म्हणाली. "हँडल धरून धरून हात वाकडं झालं आसतील."

"माजं तर सरळ हायेत जनू."

ओतिलियानं तिच्या हातांकडं पाहिलं. चीज कागदात गुंडाळून घेऊन गेली.

आदल्या दिवशी रुबिएलचा निरोप आला. वाट मिळाली. शर्यतीत सगळ्यांत पुढं असणाऱ्याचा पिवळा अंगरखा ज्याच्या अंगावर होता त्यानं स्वतः हो म्हटलं होतं. फक्त एक सांगितलं होतं, की त्याच्या संघातल्या एका कोवळ्या पोराला घाटमाथ्याचे गुण हवेत, तेव्हा क्रुसाच्या रेघेला रुबिएलनं हात लावू नये. रुबिएलला त्याचं काय? रेघ घराच्या वर होती. त्याला घरापर्यंतच यायचं होतं.

शर्यतीच्या दिवशी देल्फिनानं धार नेहमीपेक्षा लवकर उरकली आणि मग तिला करायला काही राहिलं नाही. गूळ फोडला, पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. चीजचे तुकडे करून ठेवले. बाहेर सडक बंद झाली होती. खालच्या वस्त्यांतून माणसं चालत, घोड्यावरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वर आली होती. बिअर सकाळपासूनच वाहत होती. धुकं असं की समोरचं दुकान कधी दिसायचं, कधी नाही. जाहिरातीच्या गाड्या भोंगे वाजवत आल्या, टोप्या फेकून गेल्या. दॉन मिसाएलच्या डोक्यावर एकावर एक दोन टोप्या.

रेडिओ दुकानाच्या खिडकीत ठेवला होता. निवेदक गळा काढून ओरडत होता तोवर सगळं समजत होतं, जथा एकत्र आहे, चढाला लागला आहे. मग जथा घळीत शिरला तशी रेडिओची खरखर सुरू झाली. घळीत शिरलं की असंच होतं. खरखरीतून एकदा 'सेली' ऐकू आलं, एकदा 'एकटा'. पुढं पुन्हा खरखर. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

देल्फिना खुर्चीवरून उठून पेला भरून आली. पेला रुआन्याच्या आत धरला, निवू नये म्हणून.

पोलिसांची मोटारसायकल धुक्यातून वर आली, मागं दुसरी. आणि मग वळणावर तो. एकटाच. मागं कुणी नाही, नुसतं पांढरं धुकं. अंगरखा भिजून अंगाला चिकटलेला, तोंड उघडं, गालफडं आत गेलेली. देल्फिनाला वाटलं, किती बापासारखा दिसायला लागला हा.

त्या क्षणापर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण आपल्या गावचं पोर, ज्याचं नाव यादीच्या तळाला येतं, ते सगळ्या शर्यतीच्या पुढं एकटं चढून येताना डोळ्यांनी दिसलं, आणि रेडिओ 'एकटा' म्हणाला होता. कुणीतरी म्हणालं, सुटलाय. दुसरा म्हणाला, सुटला, सुटला. आणि ज्यानं महिनाभर गावाला पढवलं होतं त्या दॉन मिसाएलच्या हातातली बाटली गळून पडली, दोन्ही टोप्या उडाल्या, आणि तो पोट सावरत सडकेच्या मधोमध धावला.

रुबिएल दाराशी आला होता. एक पाय सोडवून त्यानं जमिनीला लावला होता. आईकडं बघून तो हसला, थकलेलं, एका बाजूनं. देल्फिनानं पेला पुढं केला. त्यानं तो धरला. ती म्हणाली, "घरी येतूस का?" आणि त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात दॉन मिसाएलचे दोन्ही पंजे त्याच्या पाठीवर बसले. "चल पोरा, मागं कुनी न्हाई, चल." पाठोपाठ दहा हात, वीस हात. कुणी सायकलीच्या खोगिराला धरून, कुणी कमरेला धरून. गरम गुळाचं पाणी देल्फिनाच्या मनगटावर सांडलं. तिनं त्याची बाही पकडली होती, ती बोटांतून निसटली. अंगठ्यात जोर असता तर कदाचित राहिली असती. रुबिएल मागं वळून काहीतरी म्हणाला, पण सगळं गाव त्याच्या नावानं ओरडत होतं, आणि त्यात त्याचंच बोलणं बुडालं. माणसं त्याच्याबरोबर पळत गेली, आणि तो धुक्यात गेला. थोड्या वेळानं वर क्रुसापाशी जो गलका झाला त्यावरून कळलं की रेघ त्यानंच आधी ओलांडली.

मग जथा आला. आमच्या लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. जथ्यातली पोरं वर बघत नव्हती. पिवळ्या अंगरख्याचा गडी देल्फिनाच्या दारावरून जाताना थुंकला. तिच्याकडं बघून नाही, रस्त्यावर. पण थुंकला.

रात्री जेवायच्या आधी, खरखर थांबलेल्या रेडिओवर रुबिएल सेलीचं नाव पहिल्यांदाच सगळ्यांत आधी आलं. पिएद्रा गोर्दाचा गरुड असं काहीतरी निवेदक म्हणत होता. दुकानात नाच झाला. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस गावात ज्याला त्याला विचारावं, तो म्हणायचा, मीच ढकललं. मी खोगिराला धरलं होतं. मी नसतो तर तो क्रुसापर्यंत पोचतच नव्हता. जे त्या वेळी ट्रॉलीत झोपले होते तेही म्हणायला लागले. खालच्या वस्तीचा एक लंगडा म्हातारा म्हणाला, मी पळत गेलो. ओतिलिया सगळ्यांचं ऐकून घेत होती आणि बाटल्या उघडून देत होती.

देल्फिना दुकानात गेली नाही. मनगटाला फोड आला होता, त्यावर तिनं लोणी लावलं होतं. धार तशीच काढत होती.

शर्यत संपली त्या संध्याकाळी फोन आला. दुकान भरलेलं होतं. ओतिलियानं सगळ्यांना गप्प केलं आणि रिसीव्हर देल्फिनाच्या हातात दिला.

रुबिएलनं सांगितलं की त्या दिवसापासून कुणी त्याच्याशी बोलत नाही. उतारावर त्याचं चाक फुटलं, एकही गडी थांबला नाही. त्याच्या स्वतःच्या संघातलाही नाही. ज्या कोवळ्या पोराचे गुण गेले ते रडत होतं. देल्फिनानं विचारलं, लोकांनी ढकललं हे सांगितलंस की नाही?

रुबिएल म्हणाला:

"सांगितलं. पर आई, खरं सांगू का, ढकललं त्यांनी घरापासनं वरच्या वळनापतुर. फुडं म्याच गेलो. पाय थांबलंच न्हाईत. आजवर कुनी माज्या नावानं वरडलं नव्हतं."

देल्फिनानं काउंटरला कोपर टेकलं. मग तिनं दारात विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं, सगळ्यांच्या देखत.

"येनारच हुतो गं," तो म्हणाला. "पेला पिऊन तेच सांगनार हुतो. ही संपली की येतो, गाई मी बघतो. आता कसा येऊ? शब्द मोडून पळाला म्हनतील जन्मभर. येक वरीस राहतो. सगळ्यांचं पानी वाहतो, त्या पोराचं बी. फुडल्या साली नीट सांगून सुटतो."

"बरं," देल्फिना म्हणाली.

तिनं रिसीव्हर ठेवला आणि दाराकडं निघाली. दुकानात कुणी हललं नाही. फोनचा आवाज मोठा होता, ऐकलं सगळ्यांनी होतं. दॉन मिसाएल बटाट्याच्या पोत्यापाशी उभा होता, तोंड धुतलेल्या मुळ्यासारखं पांढरं. आमच्याकडं मोठ्या बाईला मान देऊन बोलतात तसं म्हणाला, "दोन्या देल्फिना, सुमेर्से, माजी चूक झाली. काय करू सांगा."

देल्फिना दाराशी थांबली. इतकी दमली होती की रागसुद्धा लांबून कुणाचा तरी आल्यासारखा वाटत होता. बोलली ती ओतिलिया.

"काय करू म्हनं. धार काडा. वरीसभर काडा. तुमी ढकलला नव्हं पोराला? तुमीच पिळा मंग."

कुणीतरी हसलं. ओतिलिया त्याच्याकडं वळली. "आन तू खोगिराला धरलं हुतंस की. परवा हितंच म्हनत हुतास. आन तू कमरेला. आन तुमी ओ काका, तुमी लंगडत पळालासा. म्या समदं आयकलंय. कोन ढकलायला हुतं आन कोन नव्हतं ते माज्या दुकानात उघड झालंय. कुनी न्हाई म्हनायचं आसंल तर म्हना की आता."

कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणावं तर तीन दिवसांची फुशारकी मोडत होती. ज्यानं खरंच ढकललं होतं आणि जो झोपला होता, दोघंही तसेच खाली मान घालून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे देल्फिना चरवी घेऊन बाहेर पडली तर फाटकाशी दॉन मिसाएल उभा. पायात रविवारचे बूट. तिनं बुटांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि चरवी त्याच्या हातात दिली. लाल गाईनं त्याला पहिल्याच झटक्याला आडवा केला. तो उठला, चिखल झटकला, पुन्हा बसला. देल्फिनानं त्याला दाखवलं, ओढायचं नाही, वरनं दाबत आणायचं. त्यानं ते गाईलाच समजावून सांगितलं, सभेत बोलतात तशा आवाजात. कॅन अर्धा भरला. बाकीचं तिनं काढलं.

आठवडाभर माणसं पाळीनं आली. पहिल्यांदा सगळ्यांची हौस होती. मग एकाची कंबर धरली, एकाला सर्दी झाली, लंगड्या म्हाताऱ्याला घरच्यांनी सोडलं नाही. महिन्यानं फाटकाशी एकटा दॉन मिसाएल उरला. सभा असो, लग्न असो, पहाटे तो यायचा. त्याची धार आता बरी पडायची. गाई त्याच्या बडबडीला सरावल्या होत्या, तो गप्प बसला की पान्हा चोरायच्या.

देल्फिनाला वाटलं होतं, आता झोप लागेल. लागत नव्हती. पहाटेला डोळा उघडायचाच. अंग आणखी जड वाटायचं. काम होतं तोवर ते जाणवायला फुरसत नव्हती, आता रोज जाणवायचं. ती उठून कुरणाच्या कडेला दगडावर बसायची आणि बघत राहायची. रुबिएल कुठं असेल, कुणाच्या बाटल्या वाहत असेल, असं एकदोनदा मनात यायचं. पुढच्या वुएल्तेचा मार्ग अजून जाहीर व्हायचा होता. या घाटानं येईल की नाही कुणालाच माहीत नव्हतं.

एके दिवशी धार काढता काढता दॉन मिसाएल मान न वळवता म्हणाला, "फुडल्या साली त्यो ह्या वाटंनं आला नव्हं, तर म्या सोता सडकंत आडवा पडतो. कुनाला हात लावू देनार न्हाई. सायकल धरून ठेवतो. तुमी सुमेर्से बिनघोर बोला त्याच्यासंगं, पायजे तेवढं."

देल्फिनानं रुआना गुडघ्यांवर ओढून घेतला.

"मागच्या आंगाचं आचळ राहिलंय," ती म्हणाली. आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली.